केनेडींची कंबरदुखी

अमेरिकेचे ३५वे अध्यक्ष जॉन फिट्झगेराल्ड केनेडी यांचे नाव घेतले, की शिडाच्या होडीतला हसरा, उमदा तरुण डोळ्यांसमोर येतो. या तरुणाला डाव्या पायात मोजा चढवण्यासाठी वाकणेही कठीण जात असे, हे त्या काळी फार थोड्यांना ठाऊक होते.

२९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे धनाढ्य कुटुंबात जन्मलेले केनेडी बालपणापासूनच प्रकृतीने नाजूक होते. हार्वर्डमध्ये शिकतानाच कंबरेचे दुखणे सुरू झाले. त्यामुळे १९४१ साली लष्कराने त्यांना नाकारले. मग वडिलांच्या ओळखीने ते नौदलात शिरले. २ ऑगस्ट १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांची पीटी-१०९ ही नौका दुभंगली. भाजलेल्या सहकाऱ्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून ते काही तास पोहत राहिले आणि त्याला बेटावर घेऊन गेले. या पराक्रमाने कीर्ती मिळाली, पण कंबर आणखी खालावली.

पुढची कथा शस्त्रक्रियांची. पहिली १९४४ साली झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धातूची पट्टी बसवून मणके सांधण्यात आले. केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार असल्याने यात मोठा धोका होता, आणि घडलेही तसेच. जंतुसंसर्ग होऊन ते बेशुद्ध झाले. अखेरच्या धार्मिक विधीसाठी धर्मगुरूंना पाचारण करावे लागले. चार महिन्यांनी ती पट्टी काढूनच टाकली. १९५७ साली पुन्हा सुरी चालली. दुखणे मात्र होते तिथेच राहिले.

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्या स्नायूंत प्रोकेनची इंजेक्शने देत. केनेडींची ती प्रसिद्ध डोलखुर्ची हीदेखील त्यांचीच सूचना. मे १९६१ मध्ये ओटावा येथे वृक्षारोपण करताना कंबर पुन्हा दुखावली आणि अध्यक्षांच्या हाती कुबड्या आल्या.

अखेर ऑक्टोबर १९६१ मध्ये डॉ. हान्स क्राऊस यांना बोलावण्यात आले. व्हिएन्नात शिकलेले हे डॉक्टर स्वतः निष्णात गिर्यारोहक होते. तपासणीत त्यांना आढळले, की अध्यक्षांच्या पोटाचे व पाठीचे स्नायू दुर्बळ झाले आहेत आणि मांड्यांमागचे स्नायू ताठरले आहेत. उताणे झोपून एकदाही उठून बसणे त्यांना जमले नाही! पदग्रहणापूर्वीच, डिसेंबर १९६० मध्ये, याच केनेडींनी देशबांधवांच्या शारीरिक दुर्बलतेबद्दल लेख लिहिला होता. दैवाची थट्टा, दुसरे काय?

क्राऊस यांनी इंजेक्शने बंद करवली. व्हाइट हाऊसच्या जलतरण तलावाशेजारील व्यायामशाळेत आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू झाला. आधी स्नायू सैल सोडायचे, मग हळूहळू ताणायचे, आणि त्यानंतरच बळकट करायचे, असा हा क्रम. यात चमत्कार काहीच नव्हता. होते ते केवळ सातत्य. मात्र सुरीने व सुईने जे साधले नव्हते, ते काही महिन्यांत साधू लागले. १९६३ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष पुन्हा गोल्फ खेळताना दिसले.

एक गोष्ट तेवढी सुटली नाही, कंबरपट्टा. तो टाकून द्या, असा क्राऊस यांचा आग्रह होता. पण ऑगस्ट १९६३ मध्ये जांघेचा स्नायू दुखावला आणि पट्टा अधिकच घट्ट आवळला गेला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलासमध्ये उघड्या मोटारीत बसताना तो अंगावर होता. पहिली गोळी लागल्यावर केनेडी खाली कोसळले नाहीत, ते या पट्ट्यानेच ताठ धरून ठेवल्यामुळे, असे काही वैद्यकीय अभ्यासकांचे मत आहे. त्यानंतरच्या गोळीने डोक्याचा वेध घेतला. तेव्हा ते अवघे ४६ वर्षांचे होते.