आयफेल मनोऱ्याचे नाव

मुलांनो, पॅरिसचा आयफेल टॉवर तुम्ही चित्रात पाहिला असेलच. त्याचे नाव कसे पडले ते मी सांगते.

गुस्ताव्ह आयफेल यांचा जन्म १५ डिसेंबर १८३२ रोजी फ्रान्समध्ये दिजाँ येथे झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव बोनिकहाउझेन. वाचताना माझी जीभ तीनदा अडकली. फ्रेंच लोकांचीही अडकायची. त्यांचे पूर्वज जर्मनीतल्या आयफेल नावाच्या डोंगराळ मुलखातून आले होते. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते ना, तसे त्यांनी डोंगराचे नाव लावले. सरकारी कागदावर ते १८८० साली लागले. म्हणजे आधी डोंगर, मग माणूस, मग मनोरा!

आयफेल लोखंडी पूल बांधायचे. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात त्यांच्या कंपनीने १८७७ साली मोठा पूल बांधला. त्याला तिथल्या राणीचे नाव मिळाले, मारिया पिया. बांधणाऱ्याचे नाही.

मनोऱ्याची गोष्ट वेगळीच आहे. १८८९ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरायचे होते. आयफेल यांच्या कंपनीतले दोन इंजिनिअर, केक्लँ आणि नुगिए, यांनी १८८४ साली मनोऱ्याचा आराखडा काढला. आयफेल यांना तो आधी फारसा आवडला नाही. मग सोव्हेस्त्र यांनी खाली कमानी घालून तो सजवला, तेव्हा कुठे पसंत पडला. आयफेल यांनी त्या दोघांकडून हक्क विकत घेतले.

चित्र एकाचे आणि नाव दुसऱ्याचे! वर्गात कुणी असे केले तर आपण भांडूच. पण सरकारने थोडेच पैसे दिले, बाकीचे आयफेल यांनी उभे केले. १८८७ साली मोठमोठे लेखक, चित्रकार मनोऱ्यावर चिडले, त्यांना उत्तर आयफेल यांनीच दिले. मनोरा पडला असता तर लोकांनी नावंही त्यांनाच ठेवली असती.

मनोरा ३०० मीटर उंच झाला. आपला कुतुबमिनार ७३ मीटर, म्हणजे चार एकावर एक ठेवले तरी कमीच पडतात. आयफेल त्याला तीनशे मीटरचा मनोरा म्हणत. लोक मात्र आयफेलचाच म्हणू लागले. त्यांनी मनोऱ्यावर ७२ शास्त्रज्ञ, इंजिनिअरांची नावे कोरली. त्यात केक्लँ आणि नुगिए नाहीत. निदान तिथे तरी घालायची होती, असे मला वाटते.

मनोऱ्याला २० वर्षांचीच परवानगी होती. पण बिनतारी संदेशासाठी तो उपयोगी पडला म्हणून पाडला नाही. आयफेल २७ डिसेंबर १९२३ ला, ९१ वर्षांचे होऊन वारले. केक्लँ १९४६ पर्यंत होते.