चौथ्यांदा उभा राहिलेला पूल

पावसाळ्यात आमच्या रुग्णालयात एक वाक्य कानावर पडलं की पोटात गोळा येतो. साकवावरून पाणी जातंय. याचा अर्थ, पलीकडच्या वाडीतली कळा सुरू झालेली बाई, साप चावलेला माणूस किंवा छातीत दुखणारे आजोबा पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच. डोंगराळ भागात पूल हा बांधकाम खात्याचा विषय असतो तितकाच आरोग्याचाही असतो, हे मी पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. म्हणूनच आज या सदरात डॉक्टरची किंवा शास्त्रज्ञाची गोष्ट नाही. एका गवंड्याची आहे.

विल्यम एडवर्ड्स १७१९ साली वेल्समध्ये, ग्लॅमॉर्गन परगण्यातल्या एग्लविसिलान गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मला. वडील तो लहान असतानाच गेले. शाळा अशी फारशी झाली नाही. शेताच्या बांधाला दगडी कुंपणं असत, चुना न घालता नुसता दगडावर दगड रचून केलेली, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखी. ती पडली की हा पोरगा पुन्हा रचायचा. हळूहळू आजूबाजूचे शेतकरी त्याला बोलवू लागले. पुढे जवळच काही गवंडी काम करत होते. तो त्यांच्या हातांकडे तासन्‌तास बघत बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की त्यांच्या हातोड्यांना पोलादी तोंड आहे, आपल्याला नाही. त्याने तसे हातोडे करून घेतले. जवळच्या केअरफिली किल्ल्याच्या पडक्या भिंती हीच त्याची पाठ्यपुस्तकं. विशीत कार्डिफला लोखंडाच्या भट्टीचं बांधकाम मिळालं, तेव्हा तो एका अंध पाववाल्याकडे राहत होता. त्याने याला इंग्रजी वाचायला शिकवलं! डोळे नसलेल्या माणसाने वाचायला कसं शिकवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच सुमारास तो ग्रोसवेनच्या प्रार्थनागृहाचा धर्मोपदेशक झाला आणि मरेपर्यंत राहिला. आठवडाभर दगड आणि रविवारी प्रवचन, असा त्याचा क्रम. त्या कामाचा पगार तो गरिबांत वाटून टाकायचा, असं सांगतात.

१७४६ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने टॅफ नदीवर पूल बांधण्याचं काम घेतलं. मोबदला पाचशे पौंड आणि हमी सात वर्षांची. टॅफ ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांतून उतरते. तिथलं सर्वांत उंच शिखर ८८६ मीटरचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे लहानच. पण उतार तीव्र, दऱ्या अरुंद आणि पाऊस भरपूर. त्यामुळे नदी काही तासांत फुगते आणि तितक्याच लवकर उतरते. आपल्याकडे घाटाखाली राहणाऱ्यांना अशा नद्यांची ओळख नव्याने करून द्यायला नको.

एडवर्ड्सने तीन कमानींचा सुबक पूल बांधला. तो दोन-अडीच वर्षं टिकला. मग मोठा पूर आला, आणि पुराबरोबर मुळासकट उपटलेली झाडं, गवताच्या गंजी, झुडपं वाहत आली. ती पात्रातल्या खांबांना अडकली आणि पुलाचं धरण झालं. मागे पाणी तुंबत गेलं आणि शेवटी पुलासकट फुटलं.

डोंगरातल्या दगडी पुलाचा शत्रू फार क्वचित त्याच्यावरून जाणारं वजन असतं. दगड दाब सोसण्यात पहिलवान आहे. कमानीतल्या दगडांवर येणारा दाब त्यांच्या ताकदीच्या मानाने किरकोळच असतो. घात होतो तो पाण्यात उभ्या असलेल्या खांबाशी. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. शिवाय खांबाला वळसा घालताना पाणी भोवरे करतं आणि पायाखालची वाळू-गोटे उकरून नेतं. वरून पूल धडधाकट दिसतो आणि खाली पाया उघडा पडलेला असतो. हे दुखणं बाहेरून दिसत नाही, तपासावं लागतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आला असताना ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या आठवड्यात कोकणातल्या कुठल्याही पुलावरून जाताना माझी नजर आपोआप खाली, खांबांच्या बुडाशी जायची.

हमीमुळे एडवर्ड्सला पूल पुन्हा बांधणं भागच होतं. पुराला दोष देऊन तेच चित्र पुन्हा काढता आलं असतं. त्याने उलट ठरवलं, की नदीत खांबच नको. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत एकच कमान, १४० फूट, म्हणजे जवळपास ४३ मीटर. त्या काळी ब्रिटनमध्ये इतकी रुंद दगडी कमान कुणी उभी केलेली नव्हती. एका प्रयत्नात काम चालू असतानाच कमानीखालचं लाकडी सेंट्रिंग पुराने नेलं, अशी नोंद काही ठिकाणी आहे. काही जण तो प्रयत्न मोजत नाहीत, म्हणून कुणी हा तिसरा पूल म्हणतं, कुणी चौथा. पण त्यानंतरचं अपयश सगळेच सांगतात. कमान पूर्ण झाली, पूल जवळजवळ तयार झाला आणि मग कोसळला. यावेळी पूर नव्हता. कमानीचा मधला भाग खाली न पडता वर उचलला जाऊन फुटला.

वर कसा? घरी करून बघण्यासारखं आहे. गळ्यातली बारीक साखळी दोन्ही हातांत धरून लोंबकळू द्या. तिला एक छान झोल पडेल. आता दोन्ही बाजूंना, हातांच्या जवळ, दोन-दोन सेफ्टी पिना अडकवा. बाजू खाली ओढल्या जातील आणि मधला भाग वर सरकेल. लोंबती साखळी फक्त ताण सोसते. तिचा आकार उलटा केला की फक्त दाब सोसणारी कमान मिळते, हे रॉबर्ट हूकने १६७०च्या दशकातच ओळखलं होतं. साखळीत ओझ्याखालची बाजू खाली जाते आणि मध्य वर येतो. कमानीतही तसंच होतं, खांद्यांवर जास्त ओझं आलं की माथा वर रेटला जातो. एडवर्ड्सच्या कमानीला माथ्यावर जेमतेम जाडी होती आणि दोन्ही खांद्यांवर रस्ता सपाट करण्यासाठी टाकलेला दगड-मातीचा प्रचंड भराव. ओझं चुकीच्या जागी होतं.

या खेड्यातल्या गवंड्याने हूकचं काही वाचलं असेल, असं मला वाटत नाही. त्याने ढिगारा वाचला. पैसे संपले होते, डोक्यावर कर्ज होतं. आसपासच्या जमीनदारांनी हात दिला म्हणून काम पुढे चाललं. त्याने कमानीचा आकार बदलला नाही. दोन्ही खांद्यांमध्ये आरपार गोल भोकं ठेवली, प्रत्येक बाजूला तीन. सर्वांत मोठ्याचा व्यास सुमारे नऊ फूट, सर्वांत लहान सुमारे तीन फुटाचं. भरावातही हलका कोळसा वापरल्याचं सांगतात. खांदे हलके झाले, माथा जागेवर बसला. १७५६ साली पूल उभा राहिला तो राहिलाच. पुढची जवळपास चाळीस वर्षं ब्रिटनमधली ती सर्वांत लांब एकसंध कमान होती.

डॉक्टर म्हणून मला इथे पाऊल आठवतं. तळव्याची कमानही अशीच, हाडांचे पाचरीसारखे तुकडे एकमेकांना दाबून धरतात. फरक इतकाच की पुलाच्या कमानीला दोन्ही काठ बाहेरून आवळून धरतात, पावलाला काठ नाहीत. म्हणून टाच आणि बोटांच्या बुडाशी बांधलेला जाड पट्टा दोन टोकांना फाकू देत नाही. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ना, ती बहुतेक वेळा या पट्ट्याची तक्रार असते. वजन आणि उभं राहण्याचे तास वाढले की पट्टा कुरकुरतो.

पण मला एडवर्ड्स आठवतो तो जास्त करून आमच्या मातामृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत. बाई दगावली की कागदावर कारण लिहायचं असतं. उशिरा आणली, हे सगळ्यांत सोपं उत्तर. खोटंही नसतं. एका बैठकीत मीही ते लिहिलं होतं आणि एका तरुण परिचारिकेने विचारलं की आणल्यानंतर रक्त मिळायला किती वेळ लागला. तो वेळ कुणी मोजलाच नव्हता. माझ्या वहीत मी त्या दिवशी कारण खोडलं. एडवर्ड्सच्या पहिल्या पुलाचं कारण पूर होतं, दुसऱ्याचं नव्हतं. दोन्हींना पूरच म्हटलं असतं तर ती सहा भोकं कधीच पडली नसती.

पूल उभा राहिला, पण कमान उंच, त्यामुळे दोन्हीकडचा चढ अंगावर येणारा. उतरताना गाडी सुटू नये म्हणून मागे साखळीने ओढण बांधावं लागे. पुढच्या पुलांत एडवर्ड्सने कमानी चपट्या केल्या. उस्क, पोंटारडावे, लँडोव्हरी अशा ठिकाणी त्याने पूल बांधले, मॉरिस्टन या गावाची आखणी केली. त्याचे मुलगेही पूलच बांधू लागले. ७ ऑगस्ट १७८९ रोजी तो वारला आणि एग्लविसिलानच्याच आवारात पुरला गेला.

त्या पुलाभोवती वाढलेलं गाव आज पाँटिप्रिड म्हणून ओळखलं जातं. चढाला कंटाळून १८५७ साली जुन्या पुलाला अगदी चिकटून सपाट पूल बांधण्यात आला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. नव्या पुलाचे खांब नदीत आहेत. फेब्रुवारी २०२०मध्ये डेनिस वादळाच्या पावसाने टॅफ गावातल्या दुकानांत शिरली. पाणी ओसरलं तेव्हा एडवर्ड्सची कमान जागेवर होती. तिच्यावरून आता फक्त माणसं चालतात, चढावर थोडी दमत.