नापासाचा शिक्का आणि नगरची दोन भाषणे

३१ मे आणि १ जून १९१६ असे लागोपाठ दोन दिवस नगरमध्ये लोकमान्य टिळकांची होमरूलवर भाषणे झाली. सरकारने ती टिपून घेतली आणि त्यांच्या आधारे टिळकांना कोर्टात खेचले. अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले. पण टिळकचरित्रात नगर हे गाव कायमचे नोंदले गेले ते त्या दोन दिवसांमुळे. या भाषणांमागे कायद्याचा एक पक्का पदवीधर उभा होता. तो पदवीधर मात्र नापास होत होत घडला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. १८७२ साली वडील गेले, त्याच वर्षी मुलगा मॅट्रिक झाला आणि १८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. प्रकृती तोळामासा. तेव्हा या मुलाने पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि खाणेपिणे यांत घालवले. शरीर कमावले, परीक्षा गमावली. पुढे १८७६ मध्ये ते गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. एवढ्या हुशार विद्यार्थ्याला एम. ए. म्हणजे हातचा मळ वाटावा! पण त्याच गणितात ते एम. ए.ला नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा तेच.

ही दोन्ही अपयशे एकाच मापाने मोजू नयेत असे मला वाटते. पहिले समजून उमजून पत्करलेले होते, त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पडले होते. मंडालेचा सहा वर्षांचा तुरुंगवास त्या शरीराने पेलला. दुसरे मात्र खरेखुरे अपयश होते. ज्या विषयावर प्रेम, त्याच विषयाने दिलेले.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यातली काही वर्षे मी नगर जिल्ह्यात होतो. शैक्षणिक कर्जासाठी राहुरी-नेवाशाकडचे शेतकरी बाप यायचे. मुलाच्या गुणपत्रिकेवर नापासाचा शेरा असला, की ती आधी खिशातच राहायची. सगळी कागदपत्रे देऊन झाल्यावर हळूच पुढे सरकायची. मुलाचे एक वर्ष बुडणे म्हणजे हाती आलेला हंगाम जाणे, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा कसा म्हणावा? टिळकांच्या वडिलांनी मागे थोडीफार पुंजी ठेवली होती, काका पाठीशी होते. तालमीत वर्ष घालवण्याची चैन प्रत्येकाला परवडत नाही. म्हणूनच थोरांच्या नापासाचे गोडवे गाताना जरा जपून गावे.

खरा प्रश्न असा, की नापास झाल्यावर टिळकांनी केले काय? ते कायद्याकडे वळले. मुंबईचे सरकारी लॉ स्कूल १८५५ चे, आशियातील कायदेशिक्षणाच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. आजचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आपल्या माजी विद्यार्थ्यांत टिळकांचे नाव अभिमानाने घेते. गणिती माणसाने कायद्यात का पडावे, असे मित्रांना वाटे. सार्वजनिक कामात पडायचे तर कायदा आलाच पाहिजे, हा टिळकांचा विचार होता, असे चरित्रकार सांगतात. याच काळात डेक्कन कॉलेजात आगरकरांशी रात्र रात्र वाद झडत होते. १८७९ मध्ये टिळक एलएल. बी. झाले. वकिली मात्र केली नाही. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि हा कायदेपंडित मुलांना शिकवू लागला. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर लॉ क्लास चालवून त्यांनी प्रपंच भागवला.

मग ती पदवी वाया गेली काय? १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल अठरा महिने सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये टिळक स्वतःच ज्युरीपुढे उभे राहिले आणि एकवीस तासांहून अधिक बोलले. तरी सहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही वेळा कायदा जाणणारा माणूस कायद्याकडूनच हरला.

नगरच्या भाषणांत हा अनुभव दिसतो. बादशहा वेगळा, नोकरशाही वेगळी. कारभार बदला म्हणणे म्हणजे राजद्रोह नव्हे, ही मांडणी त्यांनी काटेकोरपणे केली. सरकारला तरीही ती खुपली. बेळगावचे एक आणि नगरची दोन अशा तीन भाषणांवरून नोटीस निघाली. ती टिळकांच्या हाती पडली २३ जुलै १९१६ रोजी, ऐन साठीच्या वाढदिवशी. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळक हायकोर्टात गेले. बॅरिस्टर जीना त्यांच्या बाजूने उभे राहिले. भाषण सुटे सुटे तुकडे करून नव्हे, तर सबंध वाचले पाहिजे, ही भूमिका न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी घेतली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द झाला.

एलएल. बी. झाल्याला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. स्वराज्य मागणे हा गुन्हा ठरत नाही, हे आता कोर्टाच्या निकालानेच सिद्ध झाले होते आणि होमरूलच्या सभा गावोगाव उघडपणे भरू लागल्या. गणिताच्या एम. ए.ची पदवी मात्र टिळकांच्या नावापुढे शेवटपर्यंत लागली नाही.