फटक्यांनी न सुटलेला प्रश्न : इमाम अहमद बिन हंबल

रमजान हा कुरआनच्या अवतरणाचा महिना. याच महिन्यात, हिजरी सन 220 मध्ये, म्हणजे इ.स. 835 साली, बगदादमध्ये एका आलिमाला कुरआनविषयीच्याच एका प्रश्नावरून खलीफाच्या समोर फटके मारण्यात आले. त्यांचे नाव इमाम अहमद बिन हंबल. सुन्नी मुसलमानांच्या चार न्यायशास्त्रीय परंपरांपैकी हंबली परंपरा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मारणारे मुसलमान होते, मार खाणारा मुसलमान होता आणि आपण एकाच अल्लाहच्या धर्माचे रक्षण करत आहोत, असे दोन्ही बाजूंना मनापासून वाटत होते.

अहमद यांचा जन्म इ.स. 780 चा. वडील लहानपणीच वारले. आईने बगदादमध्ये त्यांना वाढवले. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची वचने आणि आचरणाच्या हकिकती, म्हणजे हदीस, गोळा करण्याचा त्यांना ध्यास लागला. त्यासाठी ते कूफा, बसरा, मक्का, मदिना आणि थेट येमेनपर्यंत गेले. येमेनच्या वाटेवर पैसे संपले तेव्हा त्यांनी उंटवाल्यांकडे मजुरी केली, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या ‘मुस्नद’ या संग्रहात 27 हजारांहून अधिक हदीस आहेत. वडिलोपार्जित जागेच्या किरकोळ भाड्यावर त्यांचा संसार चाले. दरबाराशी त्यांचे देणेघेणे नव्हते.

दरबारात तेव्हा खलीफा मामून होता. हारून अल-रशीदचा हा मुलगा मोठा विद्याप्रेमी. ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतरांना त्याने आश्रय दिला, वाद-चर्चांच्या बैठका भरवल्या. तर्काला प्रमाण मानणाऱ्या ‘मुतझिला’ विचारवंतांचा त्याच्यावर प्रभाव होता. त्यांचे म्हणणे असे की, अनादी फक्त अल्लाह आहे. कुरआनही अनादी मानला तर अल्लाहच्या जोडीला दुसरे अनादी अस्तित्व उभे राहते. म्हणून कुरआन ‘निर्मित’ मानला पाहिजे. अहमद यांच्यासारख्या हदीसच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, कुरआन ही अल्लाहची वाणी आहे आणि जे कुरआनने व पैगंबरांनी सांगितले नाही ते श्रद्धेचे कलम म्हणून लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. वाद गहन होता, पण मशिदीत आणि मदरशात चालण्यासारखा होता.

इ.स. 833 मध्ये मामूनने तो दरबारात आणला. बगदादचा सुभेदार इसहाक बिन इब्राहीम याला त्याने पत्रे पाठवली : काझी आणि आलिमांना बोलवा, एकेकाला विचारा, उत्तर लिहून घ्या. इतिहासात याला ‘मिहना’, म्हणजे परीक्षा, असे नाव पडले. नकार देणाऱ्याचे काझीपद जाणार होते, साक्ष देण्याचा हक्क जाणार होता. पुढे बेड्यांची आणि तलवारीची धमकी आली. एकामागून एक आलिम हो म्हणत गेले. शेवटी चौघे उरले. त्यांना बेड्या घातल्यावर दोघे नमले. अहमद आणि तरुण मुहम्मद बिन नूह यांना बेड्यांसह तरसूसच्या छावणीकडे मामूनपुढे रवाना करण्यात आले. ते पोचण्याआधीच मामून मरण पावला. परतीच्या वाटेवर मुहम्मद बिन नूह यांचाही मृत्यू झाला. त्यांच्या जनाजाची नमाज अहमद यांनीच पढवली आणि ते एकटेच बगदादच्या तुरुंगात परतले.

तिथे त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ काढला. चरित्रकारांनी या काळातली त्यांची एक कबुली नोंदवली आहे : तुरुंगाचे भय नाही, तलवारीचेही नाही, भय आहे ते फटक्यांचे, ते सोसवतील की नाही याचे. या काळातल्या आणखी एका माणसाची हकिकत सांगितली जाते. अबुल हैसम नावाच्या अट्टल चोराने अहमद यांना धीर दिला. आपण चोरीसाठी आयुष्यभर हजारो फटके खाल्ले आणि दुनियेसाठी ते सोसले, मग तुम्ही तर दीनसाठी सोसणार आहात, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. अहमद पुढे आयुष्यभर त्या चोरासाठी दुआ मागत राहिले.

ही हकिकत धीराची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. हजारो फटके खाऊनही तो चोर चोरी सोडत नव्हता. आणि ज्यांनी आयुष्यभर एकेक हदीस पारखून घेतली होती, ते सच्चे आलिम नुसत्या धमकीने मनात नसलेले बोलून मोकळे झाले होते. म्हणजे चाबकाने मोजली जाते ती माणसाची सहनशक्ती. त्याचा खरेखोटेपणा चाबकाला कळत नाही.

मामूननंतर त्याचा भाऊ मुअतसिम खलीफा झाला. तो सैनिकी पिंडाचा. या वादात त्याला फारसा रस नव्हता. रमजानमध्ये तीन दिवस त्याच्यासमोर चर्चा झाली. मुख्य काझी अहमद बिन अबी दुआद आणि त्यांचे सहकारी प्रश्न विचारत राहिले. इमाम एकच मागणी करत राहिले : कुरआनमधून किंवा पैगंबरांच्या सुन्नतमधून आधार दाखवा. खलीफाचे मन त्यांना सोडून देण्याकडे झुकत होते, असे चरित्रकार लिहितात. पण या माणसाने दोन खलीफांना हरवले असे लोक म्हणतील, हे दरबाऱ्यांनी त्याच्या कानावर घातले. तिथे सत्याचा प्रश्न मागे पडला आणि इभ्रतीचा पुढे आला. इमामांना दोन खांबांमध्ये ताणून बांधले. फटके मारणारे आळीपाळीने पुढे येत, दोन फटके मारून बाजूला होत, म्हणजे कोणाचाच हात थकू नये. अहमद बेशुद्ध पडले.

शुद्धीवर आल्यावर त्यांना सातूचे पेय देऊ केले गेले. रोजा असल्याचे सांगून त्यांनी ते नाकारले. अंगातून रक्त वाहत असतानाच त्यांनी जुहरची नमाज अदा केली. मग त्यांची सुटका झाली. वैद्याने पाठीवरचे मेलेले मांस कापून काढले. ताणलेल्या मनगटांचे दुखणे त्यांना जन्मभर पुरले.

त्या दिवशी ते शेवटी काय बोलले, यावर एकमत नाही. हंबली परंपरा सांगते की ते तसूभरही हटले नाहीत. मुतझिला गोटातल्या जाहिज या नामवंत लेखकाने मात्र त्यांनी हार मानल्याचे सुचवले. चाबूक चालवून सत्तेला स्पष्ट उत्तर हवे होते. प्रत्यक्षात उत्तर काय मिळाले, यावरच वाद उभा राहिला. आणि समजा, बेशुद्ध होताना त्यांच्या तोंडून एखादा होकार निसटलाही असता, तरी त्याची किंमत काय?

इस्लामी परंपरेत या प्रश्नाचे उत्तर आधीच होते. मक्केत हजरत अम्मार बिन यासिर यांचा छळ करून त्यांच्याकडून पैगंबरांविरुद्ध शब्द वदवून घेतले गेले होते. ते रडत पैगंबरांकडे आले. पैगंबरांनी त्यांना मनाची स्थिती विचारली आणि श्रद्धा शाबूत असल्याचे कळल्यावर धीर दिला. ज्याचे मन श्रद्धेवर स्थिर आहे त्याला जबरदस्तीने वदवलेल्या शब्दांसाठी कुरआनच्या सोळाव्या सूरहमध्ये माफी आहे. पुढे बहुतेक न्यायशास्त्रज्ञांनी मारहाणीने घेतलेला कबुलीजबाब बाद ठरवला.

अहमद यांचे जुने मित्र याह्या बिन मईन यांनी दबावाखाली होकार दिला होता. भेटीला आल्यावर त्यांनी अम्मार यांचाच दाखला दिला, तेव्हा इमामांनी तोंड फिरवले. अम्मार यांना प्रत्यक्ष मार बसला होता, तुम्हाला फक्त धमकी मिळाली होती, असे त्यांचे म्हणणे. हा त्यांचा कठोरपणा होता. छळ करणारा दुरावतोच, पण छळ सोसलेले आणि न सोसू शकलेले यांच्यातही छळाने भिंत उभी राहते.

मुअतसिमनंतरच्या वासिक या खलीफाने आणखी पुढची मजल गाठली. अहमद बिन नस्र खुजाई या प्रतिष्ठित गृहस्थाचा त्याने स्वतःच्या हाताने वध केला आणि त्यांचे शिर बगदादमध्ये टांगले. बायझंटाइन साम्राज्याशी युद्धकैद्यांची अदलाबदल होत असताना, कुरआनला निर्मित न मानणाऱ्या मुसलमान कैद्यांना सोडवून घेऊ नये, इथवर गोष्ट गेली. वासिकनंतर आलेल्या मुतवक्किलने मात्र ही परीक्षा बंद केली. पंधरा-सोळा वर्षांच्या बेड्या, चाबूक आणि तलवारीनंतर जो सिद्धांत लादायचा होता, तोच बहुसंख्यांच्या मनातून उतरला. त्यातले तर्कशुद्ध मुद्देही लोकांना चाबकाच्या सावलीतच दिसू लागले. श्रद्धेचा अर्थ ठरवण्याचा खलीफाचा अधिकारही या प्रकरणात ओसरला.

मुतवक्किलने इमामांना मानसन्मान आणि पैसा देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही. मुलांनी दरबारी मदत स्वीकारली, तेव्हा मुलाच्या तंदूरमध्ये भाजलेली रोटीही ते खाईनात, असे सांगतात. चाबूक नाकारलेल्या माणसाला थैलीही तितकीच जपून नाकारावी लागली. मुअतसिमला मात्र त्यांनी माफ केले. आपल्यामुळे एखाद्या मुसलमानाला अल्लाहने शिक्षा दिली तर त्यात आपला काय फायदा, असा त्यांचा विचार होता.

इ.स. 855 मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. जनाजाला लोटलेल्या गर्दीचे आकडे जुने ग्रंथ लाखांत देतात. पण कथा तिथे संपत नाही. दोनशेहून अधिक वर्षांनी, इ.स. 1072 मध्ये, त्याच बगदादमध्ये इब्न अकील या हंबली विद्वानाला मुतझिला विचारांशी जवळीक दाखवल्याबद्दल जाहीरपणे माघार घ्यावी लागली. दबाव आणणारे या वेळी अहमद यांच्याच परंपरेतले होते. जबरदस्ती अशी बाजू बदलते. काल जिच्या पाठीवर वळ होते, ती बाजूही उद्या दुसऱ्याला वाकवू शकते.

रोजा ही स्वतःहून पत्करलेली भूक आहे. कोणाला कोंडून उपाशी ठेवले तर भूक तीच असते, पण तो रोजा होत नाही. श्रद्धेच्या शब्दाचेही तसेच आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या रमजानमध्ये खलीफाकडे सगळे होते : महाल, काझी, पहारेकरी, आळीपाळीने पुढे येणारे हात. बांधलेल्या माणसाचा खुशीने दिलेला होकार तेवढा त्याला घेता आला नाही.