आचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय

हैदराबादच्या नामपल्ली स्थानकावरून आबिड्सकडे जाऊ लागले म्हणजे एक जुनी वास्तू लागते. 'गोल्डन थ्रेशोल्ड' हे तिचे नाव. श्रीमती सरोजिनी नायडू यांचा पहिला कवितासंग्रह १९०५ साली प्रसिद्ध झाला, त्याचेच नाव या घरास मिळाले. आपल्यापैकी पुष्कळांना हे घर सरोजिनीदेवींचे म्हणून ठाऊक असते. परंतु ते त्यांचे होण्यापूर्वी त्यांच्या वडिलांचे होते, आणि तेथे कवितेच्या आधी रसायनशास्त्र नांदत होते. त्या वडिलांची, म्हणजे आचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय यांची, ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी अशी इच्छा कित्येक दिवस मनात होती.

अघोरनाथांचा जन्म १८५१ साली ढाक्याजवळच्या विक्रमपूर परगण्यातील एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घराणे संस्कृत विद्येचे. अघोरनाथ मात्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले, ब्राह्म समाजाच्या विचारांनी भारले गेले आणि गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. ते दूर असताना त्यांच्या पत्नी वरदासुंदरी कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांच्या भारत आश्रमात राहून शिकत होत्या. एडिंबरोस अघोरनाथांनी रसायनशास्त्रात मोठे नाव मिळविले. विज्ञानातील डॉक्टर ही पदवी मिळविणारे ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे अखिल भारताचे रसायनगुरू ठरलेले प्रफुल्लचंद्र राय हे त्याच शिष्यवृत्तीवर त्याच विद्यापीठात गेले, परंतु ते १८८२ साली, म्हणजे अघोरनाथ परतून काही वर्षे लोटल्यानंतर.

अशा विद्वानाने स्वदेशी आल्यावर काय करावे? कलकत्त्यास डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानसंवर्धनासाठी एक संस्था स्थापन केली होती व तेथे सामान्य लोकांसाठी व्याख्याने होत असत. पुढे याच संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध लावला. अघोरनाथ तेथे राहते, तर त्यांचेही नाव आज एखाद्या नियमाला किंवा संयुगाला लागलेले दिसले असते. त्यांनी हैदराबादचा मार्ग धरला.

त्या काळचे हैदराबाद कसे होते हे ध्यानात घेतल्याशिवाय या निर्णयाचे वजन कळणार नाही. वाडीहून सिकंदराबादेस येणारी आगगाडी १८७४ साली सुरू झाली होती. निजाम मीर महबूब अली खान हे वयाने लहान असल्यामुळे राज्याचा कारभार दिवाण सर सालार जंग पाहत होते. आज महाराष्ट्रात असलेला मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा नांदेड, परभणी, बीड या भागांतून नोकरी-चाकरीच्या निमित्ताने या शहरी आले ते त्याच संबंधाने. रयतेच्या तोंडी तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा. शाळा मात्र मोजक्या, आणि विज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण तर नाहीच म्हणावे. अशा जागी अघोरनाथांनी इंग्रजी शिक्षणाची शाळा उभी केली. तिचेच पुढे महाविद्यालय झाले, आणि १८८७ साली निजाम कॉलेज अस्तित्वात आले त्याची मुळे या कार्यात होती. परीक्षा मद्रास विद्यापीठाच्या असत.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेतील मनुष्य शाळेत येऊन बसला म्हणजे त्याचे संशोधन खुंटते. अघोरनाथांचे तसेच झाले. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावाचा शोध सापडत नाही. काही जण म्हणतील, एवढी विद्या वाया गेली. मला तसे वाटत नाही. तो काळच असा होता की ज्यांना विज्ञान कळले त्यांनी ते दुसऱ्यांच्या दारी नेऊन पोहोचविणे हेच मोठे काम होते. लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी विज्ञानव्याख्यानांची प्रथा पाडली होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक मराठीत विज्ञानाचे ग्रंथ लिहीत होते, तर तिकडे पंजाबात रुचिराम सहानी प्रयोग करून दाखवीत लोकांना त्यांच्याच बोलीत व्याख्याने देत होते. अघोरनाथ त्याच मालिकेतले. फरक इतकाच, की बाकीचे व्याख्यान देऊन घरी परतत, आणि अघोरनाथांचे घर हेच व्याख्यानगृह होते.

त्या घरी दररोज बैठक भरे. मौलवी येत, शास्त्री येत, सरदार येत, फाटक्या कपड्यांतले फकीरही येत. कोणाला दार बंद नसे. धर्मापासून धातूंपर्यंत कोणताही विषय निघे. ज्याला जेवायचे असेल त्याला पान वाढले जाई, आणि तो भार वरदासुंदरी वाहत. पैसा हाती राहत नसे. जो येई तो लोकांना मदत करण्यात आणि रसायनाच्या भट्टीत जाई.

त्या भट्टीविषयीही लपवाछपवी नको. हीन धातूचे सोने करावे, या किमयेचा नाद अघोरनाथांना होता, आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही. युरोपातून उत्तम शास्त्रीय शिक्षण घेऊन आलेल्या माणसाला हे कसे पटले, असे आज कोणीही विचारील. धातू कोणता हे त्याच्या अणूच्या केंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते. तांब्यात ते २९ असतात, सोन्यात ७९. मुशीतल्या उष्णतेने वा आम्लाने या केंद्राला धक्कादेखील लागत नाही. रासायनिक क्रिया बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपुरती असते. परंतु अणुकेंद्राची कल्पना रदरफर्ड यांनी मांडली ती १९११ साली, अघोरनाथांच्या निधनापूर्वी अवघी ४ वर्षे. एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात कृत्रिम रूपांतर झाल्याचे तर १९१९ साली प्रथम दिसून आले, आणि तेही भट्टीत नव्हे. तेव्हा त्यांना हसण्यापूर्वी सनावळी पाहावी. असे असले तरी, वर्षानुवर्षे फळ न देणारा प्रयोग केव्हा सोडून द्यावा हे त्यांना उमगले नाही, असे माझे मत आहे.

अघोरनाथ केवळ पुस्तकी पंडित नव्हते हे १८८३ साली साऱ्या संस्थानाला कळले. त्या वर्षी फेब्रुवारीत सालार जंग वारले आणि चांदा रेल्वेचे प्रकरण उपस्थित झाले. हा चांदा म्हणजे आपले चंद्रपूर. हैदराबादेहून पूर्वेस वरंगळकडे व पुढे उत्तरेस चांद्याकडे लोहमार्ग न्यावयाचा, भांडवल लंडनच्या धनिकांनी उभारावयाचे, आणि मार्गास नफा होवो वा तोटा, त्या भांडवलावरील व्याजाची हमी संस्थानच्या तिजोरीने द्यावयाची, अशी ती योजना होती. तिजोरी भरणार रयत, आणि करार मात्र रयतेपासून झाकलेला. अघोरनाथ, मुल्ला अब्दुल कय्यूम आदी काही सुशिक्षितांनी एकत्र येऊन एवढीच मागणी केली, की कराराच्या अटी लोकांपुढे ठेवाव्यात. आज ही मागणी किती साधी वाटते! तेव्हा मात्र तिचे फळ म्हणून अघोरनाथांची नोकरी गेली आणि त्यांना संस्थानाबाहेर घालविण्यात आले. घरी सरोजिनी ४ वर्षांची, वीरेंद्रनाथ तिच्याहूनही लहान. काही काळाने सरकारने त्यांना परत बोलाविले व पुन्हा शिक्षणाचे काम दिले, पण तोंड मिटून बसण्याचा गुण त्यांच्या अंगी तेव्हाही आला नाही. (काझीपेठ ते बल्हारशा हा दुवा पूर्ण होण्यास १९२९ साल उजाडले. नागपूरकडे जाताना आपण त्याच वाटेने जातो.)

त्यांना आठ मुले झाली. थोरल्या सरोजिनीचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबादेतच झाला. हिला गणितज्ञ किंवा वैज्ञानिक करावयाचे हा वडिलांचा संकल्प होता आणि त्यासाठी तिचा अभ्यास ते जातीने घेत. मुलगी बुद्धीने तल्लख. १८९१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ती मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाली. पण त्याच सुमारास एक निराळीच गोष्ट घडून गेली होती. अकरा वर्षांची असताना बीजगणिताचे एक उदाहरण काही केल्या सुटेना, आणि वहीवर उत्तराऐवजी एक पूर्ण कविता उतरली. ते उदाहरण पुढे सुटले की नाही कोण जाणे! अघोरनाथांनी आपला संकल्प कवटाळून धरला नाही. मुलीची ओढ कोठे आहे ते ओळखून त्यांनी तिला तिच्या वाटेने जाऊ दिले. पालकवर्गाने हे पान जरा सावकाश वाचावे, अशी विनंती आहे. १८९५ साली ती निजामांच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली, आणि परत आल्यावर १८९८ साली तिने डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी विवाह केला. वर दुसऱ्या प्रांताचा, दुसऱ्या जातीचा. त्या काळी अशा लग्नाने घरेच्या घरे दुभंगत. अघोरनाथ मुलीच्या पाठीशी उभे राहिले.

त्याच दशकात आपल्या शहरात आणखी एक गोष्ट घडली. २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका बाजूस जगाला हलविणारा शोध, आणि तेथून काही मैलांवर मुलांना विज्ञानाची बाराखडी शिकविणारा गुरू. पारितोषिके पहिल्याच्याच वाट्याला येतात, हे जगरहाटीस धरून आहे.

आज हैदराबादेत विज्ञानसंस्थांची वाण नाही. हबशीगुडा आणि तारनाका भागांतच राष्ट्रीय कीर्तीच्या प्रयोगशाळा आहेत. २०१७ साली 'जिज्ञासा' नावाची योजना सुरू झाली, तिच्यामुळे अशा प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ आणि शाळकरी मुले यांची गाठ पडू लागली. आणि नामपल्लीचे ते घर? पद्मजा नायडू यांनी ते राष्ट्राला दिले, आणि १९७४ साली संसदेच्या कायद्याने हैदराबाद विद्यापीठ जन्मास आले तेव्हा त्याचा आरंभ याच वास्तूत झाला. नातीने आजोबांच्या घराची पुन्हा शाळाच केली म्हणावयाची.

शेवटची वर्षे अघोरनाथांनी कलकत्त्यास घालविली. २८ जानेवारी १९१५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९१७ साली सरोजिनीदेवींचा 'द ब्रोकन विंग' हा संग्रह निघाला. ज्या मुलीने वडिलांनी घातलेले उदाहरण अर्धे टाकून कविता लिहिली होती, तिने या संग्रहातील एक कविता वडिलांच्या स्मृतीस वाहिली आहे.