नेटमध्ये घडलेला गोलंदाज

गोलंदाजी शिकू इच्छिणाऱ्या मुलाला आज प्रशिक्षक मिळतो, पुस्तके मिळतात आणि चुकण्याची मुभाही मिळते. बाळू पालवणकरांना यांपैकी काहीच लाभले नाही. १८७६ साली धारवाडात चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या व रूळ फिरविण्याच्या कामावर दरमहा तीन रुपयांवर लागले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. तेथेच साहेबांना सराव देण्यासाठी त्यांच्या हाती चेंडू आला.

हीच त्यांची शाळा. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाचे मूळ हत्यार म्हणजे तर्जनीने दिलेली फिरकी. टप्पा पडताच चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जातो. पण केवळ वळणाने कसलेला फलंदाज फसत नाही. कधी चेंडूला अधिक उंची द्यावी, कधी वेग किंचित कमी करावा, कधी तशाच हालचालीने चेंडू न वळविता आत सोडावा, आणि हे सारे करताना टप्पा मात्र ढळू देऊ नये, यासाठी हजारो चेंडू टाकावे लागतात. बाळूंना ते पोटासाठी टाकावे लागले. समोर जे. जी. ग्रेग यांच्यासारखा तरबेज फलंदाज असे; त्याला बाद केल्यास आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्या नेटमध्ये त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा जणू मालकांचा अधिकार आणि गोलंदाजी ही चाकरी!

ग्रेगना चकविणाऱ्या या गोलंदाजाची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली, तेव्हा त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद माजला. अखेर युरोपियनांना हरविण्याची ईर्षा सोवळ्यावर मात करून गेली, पण अर्धवटच. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले, चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडूचा विटाळ होत नव्हता, कपबशीचा होत होता. या तर्काचे समर्थन तेव्हाच्या विद्वानांनी कसे केले असेल, कोण जाणे.

पुढे मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या पस्तिशीत, सर्व सामने धरून त्यांनी ११४ गडी बाद केले. भारतीय संघ मात्र बहुतेक सामने हरला.

एवढे होऊनही हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी त्यांची निवड कधीच झाली नाही. कर्णधार व्हावे लागते ते इतरांना हुकूम देण्यासाठी, आणि तेथे बोटांची करामत कामी येत नव्हती. १९२३ मध्ये तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. तोवर बाळूंचे खेळण्याचे वय सरले होते. १९३७ मध्ये त्यांनी काँग्रेसतर्फे मुंबईत विधिमंडळाची निवडणूक प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध लढविली आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.