कियोशी शिगा

कियोशी शिगा (७ फेब्रुवारी १८७१ – २५ जानेवारी १९५७) हे जपानी वैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८९७ मध्ये रक्ती आमांशाचा जीवाणू शोधून काढला. या जीवाणूच्या प्रजातीस त्यांच्या सन्मानार्थ शिगेला हे नाव देण्यात आले.

जीवन व शोध

शिगा यांचा जन्म सेंदाई येथे झाला. १८९६ मध्ये तोक्यो येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते शिबासाबुरो कितासातो यांच्या संसर्गजन्य रोग संस्थेत रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये आमांशाची मोठी साथ पसरली. सुमारे ९१,००० लोकांना लागण झाली व त्यांपैकी वीस टक्क्यांहून अधिक दगावले. शिगा यांनी ३६ रुग्णांची तपासणी केली. आतड्यात नेहमीच असंख्य जीवाणू असल्याने रोगकारक जीवाणू ओळखणे अवघड होते. त्यांनी विष्ठेतून वेगळे केलेले जीवाणू रुग्णांच्या रक्तरसात मिसळून पाहिले. त्यात ज्या दंडाणूच्या गुठळ्या झाल्या, तोच रोगाचे कारण ठरला. कितासातो यांनी शोधनिबंधावर स्वतःचे नाव न घालता श्रेय आपल्या तरुण सहायकास दिले.

मृत जीवाणूंपासून बनवलेली लस शिगा यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. तथापि तिची प्रतिक्रिया तीव्र होती. पुढे जर्मनीत पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांनी रासायनिक औषधोपचारांवर संशोधन केले. १९२९ मध्ये ते कोरियातील केइजो शाही विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९४४ मध्ये त्यांना जपानचा संस्कृती सन्मान मिळाला.

जीवाणूचा पेशीप्रवेश

हा जीवाणू आतड्याच्या पेशींत कसा शिरतो, याचा जनुकीय उलगडा शिगा यांच्या निधनानंतर झाला. शिगेला फ्लेक्सनेरी या जातीतील एक मोठे प्लाझ्मिड नष्ट झाल्यास तिची पेशीप्रवेशाची क्षमता नाहीशी होते, असे १९८२ मध्ये फिलिप सान्सोनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. प्लाझ्मिडवरील काही जनुके सुईसारखी यंत्रणा घडवतात. तिच्यातून इपा गटातील प्रथिने मानवी पेशीत सोडली जातात. त्यामुळे पेशीपटलास घड्या पडून पेशी स्वतःच जीवाणूला आत ओढून घेते. आयसीएसए हे जनुक त्याला शेजारच्या पेशींत पसरू देते. शिगा विषाची जनुके मात्र प्लाझ्मिडवर नसून गुणसूत्रावर असतात. हे विष पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवते. ते मुख्यतः शिगा यांना साथीत आढळलेल्या जातीत असल्याने तिच्यामुळे होणारा आमांश विशेष घातक ठरतो.